नोंदच नसलेल्या रुग्णाचे काय?

पुण्यातील एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयात वर्षानुवर्षे तपासण्या करून घेणाऱ्या मधुमेही रुग्णाची फाइल जाडजूड असते. राजगड तालुक्यातील डोंगरवाडीवर राहणाऱ्या, तोच आजार असलेल्या शेतकऱ्याची नोंद मात्र जेमतेम दोन ओळींची असू शकते. यांपैकी जास्त धोका कोणाला, हे ठरवण्याचे काम संगणकावर सोपवले, तर तो ही तोकडी नोंद प्रकृती ठणठणीत असल्याची खूण मानण्याचा संभव आहे.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत विशेष काळजीची गरज असलेले रुग्ण निवडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका अल्गोरिदमची, म्हणजे संगणकाला निवड कशी करायची हे सांगणाऱ्या नियमसंचाची, झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी केलेली चिकित्सा 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या अल्गोरिदमला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. तो गरज मोजत होता ती उपचारांवरील खर्चावरून. आणि तितक्याच आजारी कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत असल्याने ते त्याच्या लेखी कमी आजारी ठरत. हा दोष काढला, तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांना आढळले.

आपल्याकडे सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशन या आरोग्य नोंदी जोडणाऱ्या सरकारी योजनेत नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला 14 अंकी ‘आभा’ (आरोग्य खाते) क्रमांक मिळतो. नोंदी त्या-त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीनेच दुसरीकडे जातात. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, असेच मला वाटते. अडचण येते ती संमती मोबाइलवरून घेतली जाते तेव्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, देशातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येत असेल, तर गर्भनिरोधनाची वा मानसिक आजाराची माहिती पुढे पाठवण्याची संमती नेमकी कोणाची?

अशा डिजिटल सोयींच्या टिकाऊपणाचा प्रश्न त्या मानाने सरळ, पण कंटाळवाणा म्हणून दुर्लक्षित आहे. टॅबलेट आणि टेलिमेडिसिनचा, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याचा, संच एकदा खरेदी होतो; बॅटरी, इंटरनेट, दुरुस्ती आणि नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो, आणि प्रायोगिक प्रकल्पाचा निधी संपला की नेमका तोच कोणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

पुण्याजवळच वढू येथे वेगळ्या वाटेने झालेले काम पाहता येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने 2002 पासून तेथील 22 गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ठेवली आहे. अशा पाहणीत दवाखान्याची पायरी कधीही न चढलेला माणूसही मोजला जातो, आणि म्हणूनच कोणत्या वस्तीची रुग्णालयीन नोंद किती अपुरी आहे, हे ताडून पाहता येते. त्यासाठी लागणारा पैसा यंत्रांइतकाच, किंबहुना अधिक, दारोदार फिरणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या पगारावर खर्च करावा लागतो.