गाय व्यायल्यानंतरचे पहिले दहा दिवस

व्यायल्यावर गाईची वार, म्हणजे पोटात वासराभोवती असलेलं आवरण, साधारण आठ ते बारा तासांत पडते. 24 तास उलटूनही लोंबत राहिली, तर ती अडकली असं समजावं. अशा वेळी वारेला वीट किंवा जुनी चप्पल बांधायची, नाहीतर हात घालून ओढून काढायची, हे अजूनही बऱ्याच गोठ्यांत चालतं. कृपा करून हे करू नका. वार गर्भाशयाला ठिकठिकाणी गाठींनी चिकटलेली असते. ती ओढली की तुकडे आत राहतात, गाठी सोलवटून रक्त येतं आणि हाताबरोबर जंतूही आत जातात. गाय खात असेल, ताप नसेल, तर बहुधा काही दिवसांत वार आपोआप गळून पडते. तरी डॉक्टरांना कळवून ठेवाच.

रोज सकाळी धारेच्या वेळी ताप मोजा. थर्मामीटरचं टोक शेणात न रुतता गुदद्वाराच्या आतल्या बाजूला टेकलं पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. 103 अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, पातळ विटकरी आणि घाण वासाचा स्राव, दूध घटलेलं: अशी गाय त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 वर फोन करता येतो. तांबूस, वास नसलेला स्राव मात्र दोन-तीन आठवडे येतोच, त्याला घाबरू नका.

तीन आठवड्यांनंतरही गाय बसल्या जागी पू पडत असेल, किंवा माजाचा सोट (माजावर आल्यावर पडणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ नसून त्यात पांढरे कण दिसत असतील, तर त्या माजाला रेतन करू नका, म्हणजे गाय भरवू नका. आधी उपचार, मग रेतन. नाहीतर गाय उलटत राहते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा पुन्हा माजावर येते.

गर्भाशयात ठेवायच्या गोळ्या आम्ही औषध विक्रेते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, राग मानू नका. कोणतं औषध, किती दिवस आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे गाय तपासूनच ठरतं.

भाकड काळात, म्हणजे विण्याआधी दूध बंद असतं तेव्हा, खनिज मिश्रण द्या, पण गाय फार लठ्ठ होऊ देऊ नका. विण्याची जागा कोरडी ठेवा. कॅल्शियम कमी पडलं की गर्भाशयही सुस्तावतं.

सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकला आणि वारही अडकली, तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या संसर्गजन्य गर्भपाताची, शंका घ्या. हा रोग माणसालाही होतो. वार, गाभ उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना मिळू देऊ नका. खोल पुरून वर चुना टाका. रक्ततपासणी करून घ्या आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना लस टोचून घ्या.