स्लॉइड : लाकूडकामातून शिक्षणाची स्वीडिश पद्धत

स्लॉइड ही हाताने लाकूडकाम करत करत शिकण्याची एक शिक्षणपद्धत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती फिनलंडमधील शाळांत रुजली, स्वीडनमधील नॅस येथे तिला शिस्तशीर रूप मिळाले आणि तिथल्या कार्यशाळांमधून ती युरोप, अमेरिका आणि जपानपर्यंत गेली. हिंदुस्थानातही ती पोहोचली, पण थोड्याच ठिकाणी. कापड, धातू, कातडे अशा कोणत्याही हातकामाला स्वीडिश लोक स्लॉइड म्हणतात. शिक्षणशास्त्रात मात्र हे नाव प्रामुख्याने लाकूडकामाशी जोडले गेले आहे. मुलाला सुतार करणे हा या पद्धतीचा हेतू नव्हता. चाकू, करवत आणि रंधा वापरून एखादी उपयोगी वस्तू शेवटपर्यंत पुरी करताना मुलाची नजर, हात, चिकाटी आणि स्वतःवरचा भरवसा घडतो, हा तिचा पाया आहे.

घरातले काम शाळेत कसे आले

उत्तर युरोपातील हिवाळा लांबलचक असतो आणि त्या काळात शेतात करण्यासारखे काही उरत नसे. घरोघरी माणसे चुलीजवळ बसून चमचे, वाडगी, दाताळ्यांचे दात, कुऱ्हाडीचे दांडे, दूध काढताना बसायची तिवई असे सामान तासत. मुले ते बघत मोठी होत आणि त्यांच्याही हाती लवकरच चाकू येई. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील स्वस्त माल खेड्यात येऊ लागला, तशी ही घरगुती कला मागे पडली. ती टिकवावी, शेतकऱ्याला त्यातून जोडउत्पन्न मिळावे, अशा विचाराने स्वीडनमध्ये ठिकठिकाणी हातकामाच्या शाळा निघाल्या. सुरुवातीचा विचार असा निव्वळ आर्थिक होता, ही गोष्ट पुढचा वाद समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

हातकामाला सर्वसाधारण शिक्षणाचा भाग मानण्याचे श्रेय फिनलंडच्या उनो सिग्नेउस (1810–1888) यांना जाते. ते धर्मोपदेशक होते आणि 1840 च्या दशकात त्यांनी अलास्कातील सिटका या तेव्हाच्या रशियन वसाहतीत काम केले होते. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी आणि बालवाडीचे जनक, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेल यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. बालवाडीत फ्रबेलने खेळ आणि हालचालींतून जे साधले, ते मोठ्या मुलांसाठी हातकामातून साधावे असे त्यांना वाटे. 1863 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली युवास्कुला येथे शिक्षक प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. 1866 च्या शिक्षणविषयक आदेशाने फिनलंडच्या ग्रामीण शाळांत मुलग्यांना हातकाम सक्तीचे झाले.

नॅस

गोथेनबर्ग शहराजवळ तळ्याकाठी नॅस नावाची जहागीर आहे. आउगुस्ट आब्राहमसन या श्रीमंत व्यापाऱ्याने ती 1868 मध्ये विकत घेतली. त्यांचा भाचा ऑटो सालोमन (1849–1907) याने मामाच्या पैशाच्या बळावर 1872 मध्ये तिथे मुलग्यांची कार्यशाळा काढली. मुलींचा वर्गही लवकरच सुरू झाला आणि मग शिक्षकांचे प्रशिक्षण आले. 1877 मध्ये सालोमन फिनलंडला जाऊन सिग्नेउस यांना भेटले. त्या भेटीनंतर त्यांनी आपल्या शाळेची दिशा बदलली. जोडधंदा शिकवण्याचे काम मागे पडले आणि माणूस घडवण्याचा विचार पुढे आला.

नॅसची खरी ताकद तिथल्या छोट्या अभ्यासक्रमांत होती. प्राथमिक शाळांतील शिक्षक सुट्टीत येत, पाच-सहा आठवडे राहत, दिवसभर कामाच्या बाकावर उभे राहून आपल्या हाताने वस्तू करत आणि मधल्या वेळेत सालोमन यांची व्याख्याने ऐकत. स्त्री-पुरुष शेजारी शेजारी काम करत. इंग्रज, अमेरिकन, रशियन, जपानी असे नाना देशांचे शिक्षक तिथे येऊन गेले. आब्राहमसन 1898 मध्ये वारले, तेव्हा त्यांनी नॅस स्वीडिश सरकारच्या हवाली केले, त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम चालू राहिले.

शिकवणारा माणूस मुळात शिक्षक हवा, कारागीर नव्हे, असा सालोमन यांचा आग्रह होता. कसबी सुताराला वस्तू उत्तम व्हावी असे वाटते आणि मुलाचा हात चुकला की तो चटकन साधन स्वतःकडे घेतो. तिथे शिक्षण थांबते. नॅसच्या नियमानुसार शिक्षकाने मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही. दाखवायचेच असेल तर दुसऱ्या लाकडाच्या तुकड्यावर दाखवायचे. वाकडीतिकडी झाली तरी वस्तू पूर्णपणे मुलाचीच असली पाहिजे. या पद्धतीतला हा सर्वांत मोलाचा नियम म्हणावा लागेल, आणि पाळायला सर्वांत अवघडही. मोठ्यांच्या कार्यशाळेतसुद्धा शिकवणाऱ्याला तो पाळणे जड जाते.

नमुन्यांची मालिका

सालोमन यांनी सुमारे पन्नास वस्तूंची एक मालिका आखली. पहिली वस्तू म्हणजे टोक काढलेली एक साधी काडी. त्यानंतर फुलझाडाला आधार द्यायची काठी, पट्टी आणि असेच किरकोळ सामान येई. पुढे चमचा आणि कुऱ्हाडीचा दांडा, आणि अखेरीस डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट खाचांच्या) सांध्यांच्या पेट्या व छोटे फर्निचर. प्रत्येक वस्तूत एखादी नवी क्रिया असे आणि आधी शिकलेल्या क्रियांची उजळणी होई. सोप्याकडून अवघडाकडे आणि परिचिताकडून अपरिचिताकडे हा क्रम कसोशीने पाळला जाई.

वस्तू निवडताना काही कसोट्या होत्या. ती घरात खरोखर वापरता आली पाहिजे. चैनीची किंवा नुसत्या शोभेची नको. मुलाला ती दुसऱ्याच्या मदतीशिवाय पुरी करता यावी आणि पुरी झाल्यावर घरी नेता यावी. मालिकेत सरळ, चौकोनी वस्तूंइतकाच वक्र आकारांवर भर होता. चौकोनी पेटी बरोबर झाली की नाही हे गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून कळते, पण चमच्याचा किंवा दांड्याचा बाक नजरेने आणि हात फिरवूनच पारखावा लागतो. मुलाची आकाराची जाण अशानेच वाढते, असे सालोमन मानत.

त्याच काळात मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयातील व्हिक्टर डेला-व्होस यांची पद्धत गाजत होती. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अमेरिकनांनी ती पाहिली आणि उचलून धरली. तिच्यात विद्यार्थी वस्तू करत नसत. कापणे, रंधणे, कूस काढणे, सांधा बसवणे असे सुटे सराव करून ते तुकडे फेकून दिले जात. अभियंता घडवायला ती सोयीची होती. दहा वर्षांच्या मुलाला मात्र फेकून द्यायच्या सांध्यासाठी जीव लावून काम करावेसे वाटणार नाही, हे सालोमन यांनी ओळखले होते. आईला द्यायच्या चमच्यासाठी ते मूल दोन तास मान खाली घालून बसते. डेन्मार्कच्या आक्सेल मिकेलसेन यांनी संपूर्ण वर्गाने एकाच वेळी एकच क्रिया करावी अशी वेगळी शाखा काढली. सालोमन यांना ते मान्य नव्हते, कारण प्रत्येक मुलाचा वेग निराळा असतो.

चाकू आधी का

नॅसच्या पद्धतीत पहिले साधन चाकू. यावर तेव्हाही पुष्कळ टीका झाली. इंग्लंड-अमेरिकेतील शहरी पालकांना मुलाच्या हाती धारदार पाते देणे धोक्याचे वाटे. सालोमन यांचे उत्तर असे की खेड्यातल्या मुलाच्या हाती चाकू असतोच, म्हणून सुरुवात त्याच्या ओळखीच्या साधनाने करावी. दुसरे कारण अधिक खोल आहे. रंध्याचे पाते ठोकळ्यात बसवलेले असते, त्यामुळे किती खोल कापायचे हे बऱ्याच अंशी साधनच ठरवते. चाकूला असा आधार नसतो. कोन, खोली आणि जोर ही तिन्ही हाताने सांभाळावी लागतात आणि लाकडाच्या रेषा कुठे वळतात हे पहिल्याच कापात कळते. रेषेच्या उलट गेले की पाते आत घुसते आणि कपचा उडतो.

स्कॅन्डिनेव्हियातील चाकूकामात हात धरण्याच्या ठरावीक पद्धती आहेत. एका पद्धतीत चाकू धरलेला हात गुडघ्याशी टेकवून लाकूड मागे ओढतात. दुसरीत डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून छोटा, नेमका रेटा देतात. तिसरीत कोपर शरीराला चिकटवून पाठीच्या स्नायूंनी जोर लावतात. प्रत्येक पद्धतीत पात्याचा प्रवास कुठे तरी आपोआप अडतो, म्हणून ताकद भरपूर लावूनही पाते अंगावर येत नाही. ही गोष्ट चित्र पाहून नीटशी समजत नाही, शेजारी उभे राहून कोणी हात धरून दाखवावी लागते. त्यामुळेच स्लॉइडचे शिक्षण शेवटी कार्यशाळेतच होते. धार हीसुद्धा सुरक्षेची बाब आहे. बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागतो आणि घसरते तेही तेच. कामाच्या वेळी शरीर कसे ठेवावे यावर सालोमन यांचा मोठा कटाक्ष होता. रंधा मारताना आणि करवत चालवताना दोन्ही हातांनी आळीपाळीने काम करावे, म्हणजे एक खांदा झुकत नाही, असे ते शिकवत.

शाळेतील बदल

अमेरिकेत बॉस्टनमध्ये पॉलिन अगासिझ शॉ यांच्या आश्रयाने गुस्ताफ लार्सन यांनी 1888 च्या सुमारास शिक्षकांसाठी स्लॉइडचे वर्ग सुरू केले. इतर देशांतही ही पद्धत काही काळ फोफावली आणि नंतर तांत्रिक शिक्षणात विरघळली. तिचा दोष तिच्या गुणातच होता. मालिका इतकी काटेकोर आखलेली होती की पुष्कळ शाळांत तिचे कर्मकांड झाले. वर्गातील प्रत्येक मूल तीच काडी आणि तोच दांडा करी, स्वतःच्या कल्पनेला वाव राहत नसे. सालोमन यांनी क्रम स्थानिक गरजेप्रमाणे बदलावा असे सांगितले होते, पण तयार मालिका हाती आली की बदलण्याचे कष्ट कोण घेणार!

स्वीडनमध्ये बराच काळ मुलग्यांना लाकूड व धातू आणि मुलींना कापडकाम अशी वाटणी होती. 1960 च्या दशकातील अभ्यासक्रम सुधारणांनंतर दोन्ही प्रकार सर्वांना खुले झाले. आज तिथल्या शाळांत स्लॉइड हा सक्तीचा विषय आहे आणि त्यात ठरलेल्या नमुन्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतः वस्तू योजावी यावर भर असतो.

ओल्या लाकडाच्या कार्यशाळा

प्रौढांसाठी ही परंपरा आज सर्वाधिक जिवंत आहे ती ओल्या लाकडाच्या कामात. स्वीडनच्या डालार्ना प्रांतातील सेटरग्लेन्टन ही संस्था हस्तकलेचे दीर्घ आणि छोटे अभ्यासक्रम चालवते. मोरा हे चाकूंसाठी प्रसिद्ध गाव त्याच प्रांतात आहे. विल्ले सुंडक्विस्ट (1925–2018) यांनी कुऱ्हाड आणि चाकूने चमचे करण्याचे शिक्षण स्वीडनबाहेर नेले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अमेरिकेत घेतलेल्या वर्गांमुळे तिथे ही चळवळ उभी राहिली.

ताज्या तोडलेल्या भूर्जाच्या (बर्च झाडाच्या) ओंडक्यात पाणी असल्यामुळे पाते सहज चालते. आधी ओंडका उभा फोडून मधला गाभा काढून टाकतात. तो ठेवला तर वाळताना हमखास तडा जातो, कारण लाकूड आडव्या दिशेने बरेच आकसते आणि लांबीत जवळजवळ नाहीच. मग कुऱ्हाडीने चमच्याचा ढोबळ आकार काढतात. खोलगट भाग वाकड्या पात्याच्या चाकूने कोरतात आणि प्रत्येक वेळी काठाकडून तळाकडे उतरतात. तळापासून वर गेले की तंतू उचकटतात. ढोबळ चमचा लाकडाच्याच भुश्यात किंवा कागदाच्या पिशवीत ठेवून सावकाश वाळवतात. वाळल्यावर ताज्या धारेने शेवटचे पातळ काप घेतात. पॉलिश पेपर सहसा वापरत नाहीत, कारण घासलेल्या लाकडाचे तंतू पाणी लागताच उभे राहतात, तर धारेने कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. शेवटी जवसाचे तेल चोळतात. ते हवेशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते.

हिंदुस्थान आणि वर्धा

दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर (1910) गांधीजींच्या आश्रमीय शाळेत हर्मन कॅलनबाख मुलांना सुतारकाम शिकवत. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकीर हुसेन समिती आणि पुढे 'नई तालीम' ही हातकामातून शिकवण्याची गांधीजींची शिक्षणपद्धत उभी राहिली. सूतकताई, शेती यांबरोबर सुतारकामही मूलोद्योगांच्या (ज्यांच्याभोवती सारे शिक्षण गुंफायचे त्या उद्योगांच्या) यादीत होते. कामातील प्रत्येक क्रियेचे का आणि कसे मुलाला समजले पाहिजे, ही गांधीजींची अट स्लॉइडच्या फार जवळची आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या विश्वभारतीचे लक्ष्मीश्वर सिन्हा तर स्वीडनला जाऊन स्लॉइड शिकून आले आणि विश्वभारतीच्याच श्रीनिकेतन या ग्रामीण केंद्रात त्यांनी ते शिकवले.

दोन्ही विचारांत एक मोठा फरक आहे. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा असे गांधीजींना वाटे. सालोमन यांनी हाच आर्थिक हेतू मागे सोडला होता. वर्ध्याच्या परिषदेत अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेवर कडक आक्षेप घेतला. झाकीर हुसेन समितीनेही अहवालात इशारा दिला की शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला पडेल. गरीब देशातील शाळांचा खर्च कसा भागवायचा, हा गांधीजींचा प्रश्न मात्र खरा होता आणि सधन मामाच्या जहागिरीवर चाललेल्या नॅसला तो कधी पडला नाही.

महाराष्ट्रात सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या बलुतेदारीच्या चौकटीत राहिले. नांगर, तिफण आणि बैलगाडी करणाऱ्या सुताराचा मुलगा वाकस, पटाशी आणि रंधा बापाशेजारी बसून शिके. ज्ञान अत्यंत पक्के होते, पण जातीबाहेरच्या मुलाला किंवा मुलीला ते मिळण्याची वाट नव्हती. शाळेतल्या बाकावर कोणत्याही घरचे मूल लाकूड तासू शकते, हे स्लॉइडचे म्हणणे इथे म्हणूनच वेगळ्या अर्थाने क्रांतिकारक ठरते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तिथे घडलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या शालेय अभ्यासक्रमात मुले-मुली दोघेही जोडकाम, बांधकाम, शेती आणि विजेची कामे प्रत्यक्ष करतात. त्याचा नॅसशी थेट संबंध नाही, पण गावाला लागणारी खरी वस्तू करत शिकायचे हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे.