भारतातील जन्मसिद्ध आणि वंशसिद्ध नागरिकत्व

अर्ज, शपथ किंवा दीर्घ वास्तव्य यांवाचून, केवळ जन्माने मिळणारे नागरिकत्व. त्याचे आधार दोन : जन्म झाला ती भूमी आणि आईवडिलांचे नागरिकत्व. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने पहिला आधार जवळजवळ बिनशर्त स्वीकारला होता. पुढील दुरुस्त्यांनी कायदा दुसऱ्याकडे झुकत गेला.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडील कोठलेही असोत, भारतीय ठरते. परकीय राजनैतिक अधिकाऱ्यांची मुले हा मुख्य अपवाद. आसाममधील परकीय स्थलांतरितांविरुद्धचे आंदोलन आणि ते मिटवणारा १९८५ चा आसाम करार यांच्या पार्श्वभूमीवर हा नियम बदलला व १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एकजण भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. त्यामुळे ३० जून १९८७ च्या रात्री अकराला आणि मध्यरात्रीनंतर एकाला एकाच प्रसूतिगृहात दोन परदेशी जोडप्यांना मुले झाली असतील, तर पहिले मूल भारतीय, दुसरे नाही.

जन्मदाखल्यावर जन्माची तारीख आणि ठिकाण असते. १९८७ नंतर जन्मलेल्याचे तेवढ्याने भागत नाही, कारण आई किंवा वडील त्या वेळी नागरिक होते हेही दाखवावे लागते. आईचा जन्म घरीच, सुईणीच्या हातून झाला आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत चढली नाही, अशा घरांत ही साखळी जुळवणे फार कठीण जाते. या अडचणीकडे व्हावे तेवढे लक्ष दिले गेलेले नाही.

परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मुळात वडिलांकडूनच मिळे. १० डिसेंबर १९९२ पासून आईचाही हक्क मान्य झाला. आता अशा जन्माची भारतीय वकिलातीत वर्षभरात नोंद करावी लागते. उशीर झाल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते.

गोव्यात वंशाचा आधार दुहेरी ठरला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मले, तिला १९६२ च्या आदेशाने भारतीय मानले गेले. पोर्तुगालचा कायदाही पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणीत जन्म नोंदवून पोर्तुगीज होऊ देतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने, पोर्तुगीज पारपत्र घेणाऱ्या गोवेकराला भारतीय पारपत्र परत करावे लागते.