उपचारनिर्णयातील डॉक्टर–रुग्ण संवाद : स्तनाचा कर्करोग आणि सांगली-मिरज

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर स्तन राखायचा की काढायचा, किमो शस्त्रक्रियेआधी की नंतर, रेडिएशन घ्यायचे का, हे डॉक्टर आणि रुग्ण यांनी बोलून ठरवण्याची प्रक्रिया. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. सांगली जिल्ह्यात हे बोलणे मुख्यतः मिरजेत होते. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये येथे मिशनचे रुग्णालय उघडले आणि पुढे मिरज दवाखान्यांचे गाव झाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (1962) आणि कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालयही इथेच आहे. जत, आटपाडीकडचे आणि सीमेपलीकडील अथणी भागातले रुग्ण इथे येतात. त्यांतल्या अनेकींची बोलायची भाषा कन्नड असते.

अर्ध्या शतकापूर्वी ठरवण्यासारखे फारसे काही नव्हतेच. विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकी शल्यविशारदांच्या पद्धतीने स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) सरसकट काढल्या जात. अमेरिकेत तर गाठीचा तुकडा तपासायला भूल दिली, की त्याच भुलेत स्तनही काढून मोकळे होत. आपले काय झाले ते बाईला शुद्धीवर आल्यावर कळे. रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने 1974 मध्ये स्वतःच्या बाबतीत याला नकार दिला आणि पुढे त्यासाठी जाहीर लढा दिला. नंतर बर्नार्ड फिशर (अमेरिका) आणि उंबेर्तो वेरोनेसी (इटली) या शल्यविशारदांनी रुग्णांवर केलेल्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. लहान गाठ काढून रेडिएशन दिलेल्या स्त्रिया आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. दोन्ही वाटा सारख्याच ठरल्यावर निवड बाईच्या पसंतीवर आली, म्हणून तिच्याशी बोलणे भाग पडले.

प्रत्यक्षात डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बहुधा मुलगा किंवा दीर बसलेला असतो. फाईल त्याच्या मांडीवर, आणि बाई तपासणीच्या पलंगाच्या कडेला पदर सावरत. ‘आईला नाव सांगू नका, हाय खाईल,’ हे आत येण्याआधीच सिस्टरच्या कानावर घातलेले असते. मग ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ एवढ्यावर भागवले जाते. ही लपवाछपवी फार दिवस टिकत नाही. किमोच्या वॉर्डात शेजारच्या पलंगावरची बाईच सगळे सांगून टाकते.

बाईला विचारले तर ‘मालक म्हणतील तसं’ असे उत्तर येते. तो होकार धरला जातो, आणि इथेच चूक होते. पुष्कळदा प्रश्नच तिच्यापर्यंत पोचलेला नसतो. ‘घरी धारा कोण काढतं? विळा कोणत्या हातात धरता? रोज मिरजेला यायला जमेल?’ असे विचारले की तीच बाई भरभरून बोलते, आणि निर्णयाला लागणारी माहिती नेमकी त्यात असते. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजण्याचा धोका असतो, वैरणीचा भारा उचलणारीला तो आधी सांगायला हवा. स्तन राखला तर सहसा रेडिएशन घ्यावे लागते. पूर्वी ते पाच आठवडे चाले, आता बऱ्याच रुग्णांना तीन आठवडे पुरते. तरी जतहून रोजची एसटी परवडत नाही, मिरजेत मुक्कामाला नातेवाईक असतील तरच ते जमते. स्तन काढून टाकायचा निर्णय कित्येकदा या अडचणीपायी होतो आणि कागदावर ‘रुग्णाची इच्छा’ म्हणून नोंदला जातो.

सहीबाबत कायदा स्पष्ट आहे. तपासणीसाठी भूल दिलेली असताना आईच्या संमतीवर गर्भाशय काढलेल्या समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले, की तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला संमती नव्हे, आणि सज्ञान, शुद्धीवर येणाऱ्या स्त्रीच्या जागी आईची संमतीही चालत नाही. जीव तातडीने वाचवायचा असेल तेव्हाचा अपवाद वेगळा. फॉर्मवर मुलाची सही घेऊन काम उरकणाऱ्यांनी हा निकाल वाचलेला बरा.

आकडे कसे सांगितले जातात यावरही निवड फिरते. फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या शंभरातल्या सुमारे 14 जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात आजार उलटला, न घेतलेल्यांत सुमारे 39 जणींना. ‘शंभर बायका धरा’ असे म्हणून लेटरपॅडच्या मागे ठिपके काढून दाखवले तर शाळेचे तोंड न पाहिलेलीलाही हे कळते. ‘धोका साठ टक्क्यांहून अधिक कमी होतो’ हे वाक्यही खरेच, पण त्यातून हाती काही लागत नाही.

घाई आणि उशीर यांचाही गोंधळ असतो. गाठ हाताला लागते तोवर ती बराच काळ वाढलेली असते. विचार करायला किंवा दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला आठ-पंधरा दिवस घेतल्याने बिघडत नाही. तेवढे दिवस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीतही जाऊ शकतात. ‘ऊस जाऊ दे, मग बघू’ म्हणत तीन महिन्यांवर गेलेला उशीर मात्र जिवावर बेततो. चाकू लागला की आजार पसरतो, ही समजूत या उशिरामागे हमखास असते. ती हसण्यावारी नेली, की बाई पुढच्या वेळी झाडपाल्याकडे जाते.

सर्वांत कमी बोलणे गोळ्यांवर होते. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठीत टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यायची असते. गरम वाफा येतात, पाळी बिघडते, आणि दुखत तर काहीच नसते, त्यामुळे अनेकजणी ती मध्येच सोडतात. विचारले की ‘बरं वाटतंय की आता’ असे सांगतात. ही गोळी आजार परत येऊ नये म्हणून आहे, हे डिस्चार्जच्या गडबडीत त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.