रस्त्यावर उभी राहणारी बाई: पुण्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सोसायटीच्या बैठकीत पार्किंग आणि टँकरचं पाणी झालं की हल्ली एक विषय हळू आवाजात निघतो. सर्व्हिस रोडला संध्याकाळी देहविक्रय करणाऱ्या बायका उभ्या राहतात. कुणीतरी सांगतं, क्लासवरून येणाऱ्या आमच्या मुलींजवळ गाडी थांबवून माणसं काहीबाही विचारतात. हे खरं असतं आणि त्या मुलींच्या आयांचा संताप रास्तच असतो. मग चौकीत अर्ज जातो. चार दिवस पोलिसांची गाडी फिरते, बायका दिसेनाशा होतात आणि महिन्याभरात पुढच्या पुलाखाली दिसू लागतात. अर्जावर सगळ्यांच्या सह्या असतात. मजकूर एवढाच की या बायकांचा बंदोबस्त करावा. मुलींजवळ ज्यांनी गाडी थांबवली त्यांच्याबद्दल त्यात बहुतेक वेळा एक ओळही नसते.

हा अर्ज या शहरात फार जुना आहे. कागद आणि साहेब तेवढे बदलत गेले.

पेशवाईपासून सुरुवात करावी लागते. तेव्हाच्या पुण्याचं नाव काढलं की बावनखणी, नायकिणी, लावणी असं रंगीत चित्र उभं राहतं. कलावंतिणींना आश्रय होता, त्यांच्या गाण्याला कदर होती, हे खोटं नाही. पण त्याच राज्यात कुणबिणी आणि बटकी होत्या, म्हणजे विकत घेता येणाऱ्या बायका. दुष्काळात विकलेल्या, लढाईत धरून आणलेल्या, आणि बदकर्माचा ठपका आला म्हणून सरकारने गुलाम केलेल्यासुद्धा. व्यभिचाराच्या गुन्ह्यात पुरुष दंड भरून सुटू शकत होता, बाईची रवानगी मात्र सरकारी कोठीत कामाला किंवा एखाद्याच्या घरी बटीक म्हणून होऊ शकत होती. गुलामीला कायद्याचा आधार राहिला नाही तो 1843 च्या कायद्याने. आपल्याकडे या विषयावर बोलताना लोक नायकिणीच्या बैठकीपासून सुरुवात करतात. मला वाटतं, कोठीतल्या बटकीपासून करायला हवी. पुढच्या दोनशे वर्षांत तिचीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते.

1817 च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात इंग्रजांच्या छावण्या पडल्या, एक पुणे कॅम्पात आणि दुसरी खडकीला. हजारो गोरे शिपाई, त्यातले बहुतेक बिनलग्नाचे. छावणीच्या बाजारात या शिपायांसाठी बायका ठेवण्याची सोय अधिकाऱ्यांच्या संमतीनेच होत असे. शिपायांमध्ये गुप्तरोग पसरायला लागले तेव्हा सरकारला जाग आली. 1864 चा छावणी कायदा आणि 1868 चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांनी ठरवलं की बाईने नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी तपासणीला यायचं आणि रोग आढळला तर लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या बंदिस्त दवाखान्यात, कोंडून घ्यायचं. न आलेल्या बाईला शिक्षा. शिपायावर अशी सक्ती नव्हती. रोग दोघांकडून दोघांना होतो हे डॉक्टरांना कळत नव्हतं असं नाही. इंग्लंडमध्ये समाजसुधारक जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा 1888 मध्ये इथला कायदा रद्द झाला. कागदावरून तो गेला, पण बाई म्हणजे रोगाचं घर ही समजूत टिकली. पुढे शंभर वर्षांनी तीच आपल्याला पुन्हा महागात पडली.

याच काळात पेठांमध्ये एक वेगळं काम सुरू झालं होतं. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. आज ज्या आळ्यांकडे बघू नकोस म्हणून पोरांना दटावतात, त्या देहविक्रयाच्या आळ्या तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. 1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसलेल्या विधवेने तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. चौकशी, शिक्षा काही नाही. बाई या वाटेला लागते ती बहुतेक वेळा घराचं दार बंद झाल्यावर, हे ओळखून त्यांनी दुसरं दार उघडलं होतं.

तिसरा धागा देवाच्या नावाचा. जेजुरीच्या खंडोबाला मुरळी सोडायची, सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी. सोडलेली मुलगी माणसाशी लग्न करू शकत नाही, आणि सोडली जात ती मुख्यतः दलित आणि बहुजन घरांतली. पुण्यातले शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढलं आणि मुरळ्यांचा प्रश्न धसास लावला. शिवूबाई नावाच्या मुरळीने त्याच पत्रात स्वतःची कैफियत मांडली आणि कांबळ्यांच्या चळवळीतला एक कार्यकर्ता तिच्याशी लग्नाला पुढे आला. ज्या समाजाच्या मुली जात होत्या, त्याच समाजातून उभं राहिलेलं हे काम. पुण्याच्या सुधारणेच्या इतिहासात त्याला मिळायला हवी ती जागा अजून मिळालेली नाही. कायदे सावकाश आले. मुंबई इलाख्यात 1934 चा, कर्नाटकात 1982 चा, महाराष्ट्रात नव्याने 2005 चा. तोवर सीमाभागातून, मराठवाड्यातून, दुष्काळी तालुक्यांतून कितीतरी मुली पुण्याच्या एसटीत बसलेल्या होत्या.

त्या उतरल्या बुधवार पेठेत. पुण्याबाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून एकच गोष्ट आठवते, पण ही पेठ त्याहून किती मोठी आहे! एका अंगाला तांबडी जोगेश्वरी, दुसऱ्या अंगाला दगडूशेठचा गणपती, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. लहानपणी जूनमध्ये वह्या-पुस्तकं घ्यायला आलो की आई माझा हात घट्ट धरून एका बोळासमोरून भरभर न्यायची. त्या दारातल्या बायकाही कुणाच्या तरी आया आहेत, हे मला खूप उशिरा समजलं.

इथला धंदा घरांतून चालतो. जुन्या वाड्यांच्या आणि इमारतींच्या खोल्या, त्या चालवणारी घरवाली, तिच्यामागे जागेचा मालक, आणणारा दलाल आणि व्याजाने पैसे देणारा. बरेच ठिकाणी अधिया असतो, म्हणजे कमाईतला अर्धा वाटा घरवालीचा. विकून आणलेल्या मुलीला तेवढंही मिळत नाही. तिच्या नावावर रक्कम मांडलेली असते आणि ती फिटेपर्यंत हातात काही पडत नाही. नेपाळ, बंगाल, बांगलादेशपर्यंत ही साखळी पोचते.

आता कायद्याचं बघू, कारण सोसायटीच्या अर्जाची गाडी इथेच रुळावरून घसरते. 1950 मध्ये माणसांच्या अनैतिक व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर भारताने सही केली आणि 1956 मध्ये कायदा केला. 1986 च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा झालं, पोलीस त्याला पीटा म्हणतात. कुंटणखाना चालवणं, दुसरीच्या कमाईवर जगणं, मुलगी आणणं, कोंडून ठेवणं हे त्यात गुन्हे आहेत. प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने खाजगीत पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हा नाही. मात्र कलम 8 म्हणतं की सार्वजनिक जागी इशारा करणं, बोलावणं, त्या हेतूने रेंगाळणं याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडली तर कैद वर्षापर्यंत. हेच पुरुषाने केलं तर सात दिवस ते तीन महिने! कलम 7 देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत हा व्यवसाय करायला मनाई करतं. बुधवार पेठेत ही मोजपट्टी लावून बघा, एखादा कोपरा तरी सुटतो का. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं असभ्य वर्तनाचं कलम 110 हाताशी असतंच.

म्हणजे खोलीच्या आत राहिली तर घरवालीच्या मुठीत, बाहेर उभी राहिली तर कायद्याच्या तावडीत. जिला घरवालीला अर्धा वाटा द्यायचा नाही, जिचं वय झाल्यामुळे खोलीत जागा मिळत नाही, जी दिवसा धुणीभांडी करून घरभाड्याला कमी पडतात तेवढे पैसे संध्याकाळी उभी राहून मिळवते, ती स्टेशनला, स्वारगेटला किंवा महामार्गाला दिसते. सगळ्यांत कमी आधार तिला असतो, आणि पकडायला सगळ्यांत सोपी तीच. दंड भरण्यासाठी तिला त्याच रात्री पुन्हा उभं राहावं लागतं.

1986 मध्ये चेन्नईतल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये एचआयव्ही सापडला आणि देशाची नजर पुन्हा या वस्त्यांकडे वळली. पुण्यात भोसरीला 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आली. 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या 916 बायकांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. देहविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये जवळपास निम्म्या जणींना लागण होती, हे अपेक्षित होतं. हादरवून गेला तो दुसरा आकडा. हा व्यवसाय न करणाऱ्या 391 जणी होत्या, बहुतेक लग्नाच्या, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यातही 13.6 टक्के. रोग घरात आणला होता नवऱ्यांनी. शिपायाला तपासणीतून मोकळं सोडलं होतं, त्याला सव्वाशे वर्षं झाली होती.

या साथीने एक चांगली गोष्टही घडवली. निरोध वाटायला आणि तपासणीला पटवायला पोलीस किंवा समाजसेवक पुरणार नव्हते, वस्तीतल्याच बायका लागणार होत्या. सहेली संघासारखी बायकांची स्वतःची संघटना बुधवार पेठेत उभी राहिली, ती या काळानंतर. 1985 मध्ये विलास चाफेकरांनी सुरू केलेल्या वंचित विकास संस्थेने या बायकांच्या मुलांसाठी ‘निहार’ हे वसतिगृह काढलं. आई धंद्यावर असताना पोराने रात्री कुठे झोपायचं, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. ते शोधायला आधी कुणीतरी त्या आईला हा प्रश्न विचारावा लागला.

वस्ती उठवून काय होतं हेही आपल्या आसपास घडून गेलं आहे. गोव्यात 2004 च्या पावसाळ्यात बायणाची वस्ती बुलडोझरने पाडली. तिथे वर्षानुवर्षं उभी केलेली आरोग्याची कामं कोलमडली, बायका पांगल्या, धंदा लॉजमध्ये आणि रस्त्यावर गेला. नागपुरात 2021 मध्ये गंगा-जमुना वस्तीची नाकेबंदी झाली, तेव्हाही हेच प्रश्न वर आले. पुण्यात बुधवार पेठेतल्या जागांना सोन्याचा भाव आहे, त्यामुळे इथे उठवण्याची भाषा निघाली की मोकळ्या होणाऱ्या जागेचं पुढे काय करायचं ठरलंय, हे मी आधी विचारते.

करोनाने उरलीसुरली झाकपाक काढून टाकली. 2020 च्या टाळेबंदीत गिऱ्हाईक थांबलं. रेशनकार्ड नाही म्हणून धान्य नाही. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्र न मागता शिधा द्यायला सांगितलं आणि पुढे राज्य सरकारने तीन महिने दरमहा 5,000 रुपये, शाळेत जाणारं मूल असेल तर आणखी 2,500 रुपये जाहीर केले. त्याच सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, सुधारण्यासाठी म्हणून डांबून ठेवलेल्या तीन प्रौढ तरुणींना सोडताना, वेश्याव्यवसाय हा पीटा कायद्याखाली गुन्हा नाही असं स्पष्ट केलं. काहीजणी खोल्या सोडून गेल्या त्या परतल्या नाहीत. धंदा मोबाईलवर गेला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला, महामार्गाला गेला. सोसायटीच्या बैठकीतला विषय तिथून वाढत आला आहे.

19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी निर्देश दिले. छाप्यात मर्जीने काम करणाऱ्या प्रौढ बाईला अटक, दंड, छळ नको. तिची तक्रार इतर कुणाही नागरिकासारखी घ्यावी. एड्स नियंत्रण यंत्रणेतल्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर तिला आधारकार्ड मिळावं आणि तिचा व्यवसाय त्यावरून कुणाला कळू नये. पोलीस चौकीतल्या हवालदारापर्यंत हे पोचायला वेळ लागतोय.

तोवर आपण काय करायचं, असं मला शेजारणी विचारतात. मी त्यांना अर्ज बदलायला सांगते. मुलींना त्रास देणाऱ्या गाड्यांचे नंबर आणि वेळ लिहा, पुलाखालचे दिवे मागा, अल्पवयीन मुलगी किंवा मारझोड दिसली तर लगेच 112 (पोलीस मदत) किंवा 1098 (बालमदत) ला फोन करा, आणि तिथे काम करणाऱ्या एखाद्या संघटनेला पुढच्या बैठकीला बोलवा. गेल्या वेळी सह्या करणाऱ्यांतल्या दोघींनी त्या नव्या अर्जावरही सही केली. बाकीच्यांनी विचार करून सांगतो म्हटलंय.