काकडी-भोपळ्यावरचे रोग : औषध घेण्याआधी पान उलटून बघा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

वेल पिवळा पडला की "एखादं जालीम औषध द्या" म्हणत बरेच जण दुकानात येतात. औषध देऊ, पण आधी पान आणा. पार वाळलेलं नको, रोग नुकताच दिसू लागलेलं हवं. वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत पान घामेजतं आणि मग काहीच ओळखू येत नाही.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती केवडा आणि भुरीत. केवड्याचे पिवळे ठिपके शिरांशी अडतात, म्हणून काकडीच्या पानावर ते कोनेदार दिसतात. सकाळी दहिवर सुकायच्या आत तेच पान उलटा. ठिपक्याच्या बरोबर मागे करडी-जांभळट बुरशी दिसेल. ऊन चढल्यावर ती नीट दिसत नाही. भुरी म्हणजे पिठासारखा पांढरा थर. तो बोटाने पुसला जातो. भोपळ्याच्या काही वाणांत शिरांच्या बेचक्यात चंदेरी चट्टे उपजतच असतात. ते पुसले जात नाहीत आणि तो रोगही नाही. त्यावर फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

केवड्याला ओलं पान लागतं, त्यामुळे तो पावसाळी आणि धुक्याच्या हवेत पसरतो. हवा तशी दिसताच, ठिपके यायच्या आधी मॅन्कोझेब २५ ग्रॅम १० लिटर पाण्यातून फवारा. हे औषध पानाच्या आत शिरत नाही, म्हणून खालची बाजू भिजलीच पाहिजे. रोग शिरल्यावर मेटॅलॅक्झिल असलेलं मिश्र औषध घ्या, पण तेच ते पुन्हा पुन्हा नको. बुरशी त्याला दाद देईनाशी होते.

भुरी कोरड्या हवेतही वाढते. तिच्यावर गंधक चालतं, केवड्यावर नाही. मात्र वेलवर्गीय पानं गंधकाला नाजूक असतात. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर मारूच नका. एरवीही आधी चार-पाच वेलांवर मारून बघा.

पानं आकसून हिरवी-पिवळी चितकबरी झाली, फळं वेडीवाकडी आली, तर तो मोझॅक. या विषाणूवर औषध नाही, आमच्याकडे नाही आणि कुणाकडेच नाही. वेल उपटून शेताबाहेर न्या. मावा (पानातला रस शोषणारी बारीक कीड) क्षणभर पानावर टेकला तरी रोग पसरवतो, म्हणून लावणीच्या वेळीच माव्याला दूर ठेवणारा चंदेरी मल्चिंगचा प्लास्टिक कागद जमिनीवर अंथरणं आणि बांधावरचं तण काढणं जास्त उपयोगाचं.

मर रोगाची (वेल कोमेजून मरतो तो) बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. ज्या वावरात ती आली तिथे पुढची काही वर्षं तेच पीक घेऊ नका. शक्यतो वेलवर्गीय पीकच टाळा.

फवारणी दुपारी चारनंतर करा, पण रात्रीपूर्वी पानं सुकली पाहिजेत. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. त्या गेल्या तर फळधारणा गेली. काकडीचा तोडा दिवसाआड असतो, तेव्हा डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही ते) वाचूनच औषध निवडा. अक्षर बारीक असतं. काउंटरवर विचारा, वाचून दाखवू.