अर्थविज्ञान, डेटाचे

डेटातील नोंदींचा अर्थ ठरवण्याची व तो नोंदींसोबत लिहून ठेवण्याची पद्धती. नोंदीची मांडणी आणि नोंदीचा अर्थ या दोन गोष्टी येथे कटाक्षाने वेगळ्या धरतात. ४०००१४ हा दादरचा पिनकोड आकड्यांत लिहिलेला असला, तरी ते स्थाननाम आहे. त्याची सरासरी काढता येत नाही.

अर्थविज्ञानाला इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या ‘सेमँटिक्स’ या संज्ञेचे मूळ फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांच्या १८८३ च्या लेखात मानतात. जर्मन भाषापंडित रायझिग यांचा अर्थविचार त्याआधीचा (१८३९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध), पण त्याची संज्ञा वेगळी होती. यास्काचे निरुक्त किंवा भर्तृहरीचे वाक्यपदीय या शब्दार्थाचा विचार करणाऱ्या प्राचीन संस्कृत ग्रंथांशी आधुनिक डेटाविचाराची थेट परंपरा जोडणे सयुक्तिक वाटत नाही; साम्य केवळ विचारलेल्या प्रश्नांचे आहे.

मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीचा डेटा, या संज्ञेचे जनकत्व वादग्रस्त आहे. संगणक-अभ्यासक फिलिप बॅग्ली यांच्या १९६८ च्या अहवालात ती आढळते. ती जॅक मायर्स यांनी १९६९ मध्ये घडवली, असाही दावा केला जातो. मायर्स यांचा शब्द पुढे व्यापारचिन्ह म्हणून नोंदला गेल्याने वाद लांबला. छापील पुराव्याचा विचार करता बॅग्ली यांचे पारडे जड दिसते. डब्लिन कोअर ही १५ घटकांची मेटाडेटा-पद्धती १९९५ च्या डब्लिन येथील कार्यशाळेतून निघाली. हे डब्लिन अमेरिकेतील ओहायो राज्यातले. संकल्पना व त्यांचे परस्परसंबंध स्पष्टपणे मांडणाऱ्या रचनेस ऑन्टॉलॉजी म्हणतात. तिची संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रूबर यांनी केलेली १९९३ ची व्याख्या सर्वाधिक उद्धृत होते. वर्गीकरण (टॅक्सॉनॉमी) त्याहून साधे, उतरंडीचे असते.

व्याख्येवाचून आकडा किती फसवा ठरतो, याचे ठळक उदाहरण ‘मुंबईची लोकसंख्या’ हे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३०.८५ लाख, शहर व उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून, म्हणजे महानगरपालिका क्षेत्राची, सुमारे १ कोटी २४ लाख आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई इत्यादींसह नागरी समूहाची सुमारे १ कोटी ८४ लाख. तिन्ही आकडे बरोबर आहेत. उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाल्यामुळे त्याआधीच्या तक्त्यांची आजच्या शहर जिल्ह्याशी तुलना करण्यापूर्वी सीमा तपासावी लागते.

अभिज्ञापक (आयडेंटिफायर), म्हणजे नोंद ओळखण्याचा संकेत, नावापासून वेगळा ठेवावा, हे तत्त्वही महत्त्वाचे आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात २०१७ मध्ये ‘महाराज’ हा शब्द आला आणि रेल्वेचा स्थानक-संकेत सीएसटीएमवरून सीएसएमटी झाला. नावावरून घडवलेला संकेत नावाबरोबर बदलतो आणि जुन्या नोंदी नव्याशी जुळवण्याचे काम मागे राहते.

मराठी शब्दार्थांचा संगणकीय साठा म्हणून पवई येथील आयआयटी मुंबईतील मराठी वर्डनेटचा उल्लेख आवश्यक आहे. त्यात समानार्थी शब्दांचे संच असून ते मुख्यतः हिंदी वर्डनेटच्या आधारे विस्तारले गेले. या पद्धतीत हिंदी संकल्पना आधी येते आणि तिच्यासाठी मराठी शब्द शोधला जातो. स्थानिक व्यवहारातील अर्थ त्यामुळे स्वतंत्रपणे टिपावे लागतात. ‘पागडी’ म्हणजे डोक्याला बांधायची पगडी, हा अर्थ आहेच. पण मुंबईच्या चाळींत पागडी म्हणजे भाडेहक्कासाठी द्यायची एकरकमी रक्कम; अशी पागडीची खोली ना पूर्ण मालकीची, ना साध्या भाड्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने पागडीच्या देवघेवीस मान्यता दिली आहे. घराच्या तक्त्यात ‘मालकी’ व ‘भाडे’ असे दोनच रकाने असतील, तर ही खोली कोणत्याही रकान्यात घातली तरी नोंद चुकीचीच होते.